कप अडीचशेचा, पीक दहाचे

नवी मुंबईतील करावे हे गाव आगरी-कोळ्यांचे. खाडीच्या अंगाने मिठागरे, त्यांच्या अलीकडे बांध घालून समुद्रापासून सोडवलेली खारजमीन, तिच्यात पावसाळ्यात एक भाताचे पीक, आणि उरलेले वर्ष मासळीवर व मजुरीवर, असा या गावाचा आणि एकूणच बेलापूरपट्टीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार होता. आज या शिवारात भाताची काडी दिसत नाही. पामबीच रस्ता आहे, बहुमजली इमारती आहेत, आणि लोकलच्या स्थानकावरच उभे राहिलेले भव्य बाजारसंकुल आहे. त्या स्थानकाच्या नावातदेखील ‘सीवूड्स’ हा इंग्रजी शब्द आधी येतो आणि दारावे हे गाव मागून. या परिसरात आता कॉफीची दुकाने जागोजागी आहेत. दुधाचा फेस घातलेल्या एका कपाला अडीचशे रुपये मोजणारा ग्राहक तेथे दुर्मिळ नाही.

या अडीचशे रुपयांचे पुढे काय होते, हा प्रश्न चळवळीच्या माणसाला पडावयास हवा. कॉफी ही सुखवस्तूंची चैन, तिच्याशी श्रमिकांच्या पक्षाला काय कर्तव्य, असे म्हणून तो टाळणे सोपे आहे. परंतु भारतात कॉफी पिकवणाऱ्यांपैकी शेकडा ९८ हून अधिक खातेदार दहा हेक्टरांच्या आतले आहेत, आणि त्यांतील बहुतेकांजवळ तर दोन-चार एकरांपेक्षा अधिक जमीन नाही. मळेवाला म्हटले की डोळ्यांसमोर जो टोपीवाला गोरा साहेब उभा राहतो, तो केव्हाच गेला. कुर्ग, चिकमगळूर, हासन आणि वायनाड येथला आजचा कॉफी उत्पादक पुष्कळ अंशी आपल्या कांदा किंवा कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचाच भाऊ आहे. महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत. पण ती इतकी थोडी की त्यांवरून या धंद्याचे अर्थकारण समजणार नाही. त्यासाठी दक्षिणेकडेच पाहिले पाहिजे.

हिशेब साधा आहे. दुकानातल्या एका मोठ्या कपाला भाजलेली कॉफी सुमारे १८ ग्रॅम लागते. भाजताना बियांचे वजन पाचव्या-सहाव्या हिश्शाने घटते, म्हणजे कच्चे बी सुमारे २२ ग्रॅम. अलीकडच्या तेजीच्या हंगामाला शोभेल असा कच्च्या बियाचा किलोला साडेचारशे रुपये भाव धरला, तरी त्या कपातील शेतकऱ्याचे पीक दहा रुपयांचे भरते. रुपयातले चार पैसे. हे तेजीतले. २०१९-२० च्या सुमारास रोबस्टा जातीचे बी किलोला दीडशे रुपयांच्या आत विकावे लागत होते. त्या भावाने याच कपातले पीक सव्वातीन रुपयांचेही भरत नव्हते. आणि या दहा रुपयांना नफा समजण्याचे कारण नाही. त्यातूनच खत, फवारणी, सावलीच्या झाडांची छाटणी आणि तोडणीची मजुरी निघावयाची असते. एक किलो बी मिळवण्यासाठी पाच-सहा किलो फळ हाताने, एकेक पिकलेले पाहून, तोडावे लागते. या तोडणीला अजून कोणी यंत्र लावू शकलेले नाही, कारण डोंगरउतारावर आणि दाट सावलीत यंत्र चालत नाही.

उरलेले दोनशे चाळीस रुपये एकटा दुकानदार खातो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यात दूध आहे, वीज आहे, कर आहे, आणि गल्ल्यामागे आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींचा तुटपुंजा पगार आहे. पण त्यात आणखी एक मोठा घटक आहे, तो म्हणजे जागेचे भाडे. करावे गावाची गोष्ट कॉफीच्या गोष्टीला मिळते ती येथे.

१९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. करावे त्यांतलेच एक. जमिनीचा मोबदला ठरला तो भाताच्या उत्पन्नाच्या आणि पडीक खाजणाच्या हिशेबाने. जमिनीची विक्री मात्र पुढे झाली ती शहराच्या हिशेबाने. एकाच जमिनीला दोन भाव, घेताना शेताचा आणि देताना नगराचा. हा अन्याय लोकांनी मुकाट्याने सोसला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात १९८४ च्या जानेवारीत जासई येथे आणि दास्तान फाट्यावर पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या रक्ताने विकसित जमिनीतील साडेबारा टक्क्यांचे तत्त्व सरकारच्या गळी उतरवले, आणि १९९० साली ते सर्व ९५ गावांना लागू करण्याचा निर्णय झाला. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचे हे यश देशात इतरत्र दाखला म्हणून सांगितले जाते आणि ते सांगण्यासारखेच आहे. परंतु उरलेल्या जमिनीचे काय? ती निविदा काढून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली, तिच्यावर संकुले उभी राहिली, आणि दर चौरस फुटाला दरमहा भाडे सुरू झाले. त्या भाड्याचा अंश त्या अडीचशे रुपयांच्या कपात आहे. ज्याच्या बापाने त्या शिवारात भात लावला, त्याला त्या भाड्यात वाटा नाही. गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या घराला मान्यता मिळावी म्हणून त्याला मात्र वर्षानुवर्षे अर्ज करीत राहावे लागले.

म्हणजे एका कपात दोन शेतकरी डावलले गेले आहेत. कॉफीवाल्याची जमीन त्याच्याजवळ आहे, पण पिकाचा भाव त्याच्या हातात नाही. करावेकराची तर जमीनच गेली. धान्याचा हमीभाव आज सरकार जाहीर करते, २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताला क्विंटलला २,३६९ रुपये. पण करावेला तो घेण्यासाठी शेत राहिलेले नाही. कॉफीला शेत आहे, तर हमीभावाच्या यादीत कॉफीचे नाव नाही. मळ्याचे पीक म्हणून ती शेतीखात्याच्या नव्हे, तर वाणिज्य मंत्रालयाच्या कक्षेत येते. सरकारच्या लेखी ती शेती नसून निर्यातीचा माल आहे, आणि माल म्हटला की माणूस हिशेबातून वगळता येतो.

हे असेच चालायचे असे मानणाऱ्यांनी थोडा मागचा इतिहास पाहावा. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि भारतातली कॉफी पडून राहिली, तेव्हा १९४२ च्या कायद्याने कॉफी मंडळाकडे सर्व पीक एकत्र करण्याची, म्हणजे ‘पूल’ची, पद्धत आली. उत्पादकाने आपले पीक मंडळाला द्यावयाचे, मंडळाने प्रतवारी करून लिलावाने विकावयाचे, आणि विक्रीचे पैसे प्रतीनुसार गुण लावून हप्त्याहप्त्याने उत्पादकाला वाटावयाचे. महाराष्ट्रातील वाचकाला हे ओळखीचे वाटेल. १९७१ च्या कायद्याने आणि १९७२ च्या हंगामापासून आपल्याकडे आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना तत्त्वाने याच जातीची. आणि दोन्ही योजनांचे दुखणेही एकाच जातीचे निघाले. कापूस दिला आज, पैसा मिळणार केव्हा, ही विदर्भातल्या शेतकऱ्याची तक्रार. कॉफी दिली या वर्षी, शेवटचा हप्ता येणार पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या वर्षी, ही कुर्गमधल्या शेतकऱ्याची. केंद्रावर प्रतवारी करणारा माणूस शेतकऱ्याचा नोकर म्हणून वागण्याऐवजी त्याचा मालक म्हणून वागू लागला. योजना शेतकऱ्यासाठी होती, पण शेतकऱ्याच्या हाती नव्हती. समाजवाद्यांनी हा दोष त्या काळी पुरेशा कठोरपणे सांगितला नाही. खाजगी व्यापाऱ्याचे समर्थक त्याचा फायदा उठवतील या भीतीने आपल्याच माणसांनी पुष्कळदा तोंडे बंद ठेवली, आणि अखेर फायदा त्यांनीच उठवला.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. भारतीय कॉफीचा तो मोठा गिऱ्हाईक, रुपयातल्या व्यवहाराने माल उचलणारा. तो गेल्यावर मंडळाची कोंडी झाली, आणि त्याच सुमारास दिल्लीत खुल्या बाजाराचे वारे वाहू लागले होते. १९९२ पासून टप्प्याटप्प्याने उत्पादकाला आपले पीक स्वतः विकण्याची मुभा मिळत गेली आणि १९९६ मध्ये पूल पूर्णपणे संपला. योगायोग असा की १९९४ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याचे हिमतुषार पडले, तिथले पीक जळाले आणि जगात भाव एकदम चढले. नव्याने मोकळ्या झालेल्या भारतीय उत्पादकाला वाटले की हा खुल्या बाजाराचाच प्रसाद. पाचसहा वर्षे ही समजूत टिकली.

ती मोडली कशी हे समजण्यासाठी भारताबाहेर पाहावे लागते. कॉफी पिकवणारे देश आणि ती पिणारे देश यांच्यात १९६२ साली आंतरराष्ट्रीय करार झाला होता. प्रत्येक देशाने किती माल बाजारात आणावा याचा कोटा त्यात ठरे आणि त्यामुळे भाव एका मर्यादेखाली जात नसे. शीतयुद्धाच्या त्या काळात लॅटिन अमेरिकेतील शेतकरी कम्युनिस्टांकडे वळू नये, यासाठी हा करार अमेरिकेलाही सोयीचा होता, हे त्यातले इंगित. १९८९ पर्यंत ही भीती ओसरली होती. त्या वर्षीच्या जुलैत कोटा पद्धत कोसळली. त्यानंतर जागतिक कर्जाच्या आणि प्रोत्साहनाच्या बळावर व्हिएतनामने दहा वर्षांत आपले उत्पादन सुमारे दसपट केले आणि ब्राझीलच्या खालोखाल जागा मिळवली. व्हिएतनामचा शेतकरी काही आपला शत्रू नाही, तोही पोटासाठीच झाड लावतो. पण परिणाम काय झाला? आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा सरासरी निर्देशभाव १९८८ मध्ये पाउंडाला सुमारे ११६ अमेरिकी सेंट होता, तो २००१ मध्ये ४६ सेंटांच्या घरात उतरला. त्याच संघटनेने २००२ साली एक हिशेब मांडला होता, तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावा असा आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी जगात कॉफीची किरकोळ विक्री सुमारे ३० अब्ज डॉलरची होती आणि तीतून उत्पादक देशांना १० ते १२ अब्ज मिळत. दहा वर्षांनी विक्री ७० अब्जांवर गेली आणि उत्पादकांचा वाटा साडेपाच अब्जांवर आला. बाजार दुपटीहून मोठा झाला आणि पिकवणाऱ्याची मिळकत निम्म्यावर आली! कप मात्र त्या काळात कोठेही स्वस्त झाला नाही.

याची किंमत वायनाडने दिली. कॉफी आणि मिरी या दोन्ही पिकांचे भाव एकदम बसले आणि २००० नंतरच्या त्या वर्षांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी तेथे आत्महत्या केल्या. त्याच वर्षांत यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांत कापसाच्या शेतकऱ्यांच्या घरांतूनही हेच आक्रंदन उठत होते. महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी खाजगी व्यापाऱ्याला खुली झाली तीही २००२ च्या सुमारास. दोन पिके, दोन प्रांत, दोन भाषा, पण आधार काढून घेण्याची तऱ्हा एक. केरळात निदान डाव्या सरकारने २००६ च्या कायद्याने शेतकरी कर्जमुक्ती आयोग नेमला. केंद्राने २००३ मध्ये चहा, कॉफी, रबर आणि तंबाखूच्या छोट्या उत्पादकांसाठी भाव स्थिरीकरण निधी काढला होता. पण त्याचे नियम असे होते की गरजवंताच्या हाती फारसे काही पडले नाही, आणि दहा वर्षांनी तो गुंडाळून टाकण्यात आला.

२०२४ आणि २०२५ मध्ये मात्र भावांनी उसळी घेतली. २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिकाने जागतिक बाजारात पाउंडाला चार डॉलरची रेषा ओलांडली. कुर्ग-चिकमगळूरला तेव्हा आनंद झाला, आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. मात्र हा भाव कशाने चढला? ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळाने. एका देशाच्या शेतकऱ्याचे पीक करपावे तेव्हा दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळावेत, ही रचनाच मुळी माणुसकीची नाही. शिवाय आपल्याकडचे हवामानही बेभरवशाचे झाले आहे. मार्च-एप्रिलमध्ये फुलोरा यावा म्हणून वळवाची सर लागते, ती चुकते. आणि तोडणीच्या दिवसांत नको असलेला पाऊस वाळवणावर पडतो. भाव चढला त्या वर्षी पोती कमी, पोती भरपूर त्या वर्षी भाव नाही, हे कांद्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

मळ्यात तोडणी करणाऱ्या मजुराला वगळून बोलणे हा या पक्षाच्या परंपरेचा अपमान होईल. १९५१ च्या मळा कामगार कायद्याने घर, दवाखाना, शाळा यांची हमी दिली, पण ती मोठ्या मळ्यांपुरती. छोट्या शेतावर पाठीला पोते बांधून फळे तोडणाऱ्या बाईपर्यंत ती पोचली नाही. आता आसाम आणि झारखंडातून आलेली कुटुंबे तेथे राबतात. मंदीत शेतकरी पहिला खर्च कापतो तो मजुरीचा, कारण खताचा दुकानदार आणि बँक थांबत नाहीत, मजूर थांबतो. लहान शेतकरी आणि मजूर यांचे हितसंबंध एकच आहेत असे मोघम म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. दहा रुपयांतून दोघांची भांडणे होत राहतील. दोनशे चाळीसकडे दोघांनी मिळून बोट दाखवले, तर मात्र गोष्ट वेगळी.

तसे बोट दाखवण्याची परंपरा या मुलखात आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते पडीक ठेवली. उपाशी राहिले, पण भाताच्या राशीतला खोताचा वाटा मान्य केला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्या संपाचा मुद्दा पीक वाढवण्याचा नव्हता. पीक कितीही येवो, त्याची वाटणी कोण ठरवणार, हा होता. आज खोताच्या जागी निर्यातदार, भाजणारी कंपनी आणि भाडे घेणारा विकासक आले आहेत, आणि शेतकऱ्याला सल्ला मात्र मिळतो तो उत्पादकता वाढवण्याचा.

दुसरीही एक परंपरा आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस सुरू झाले ते कॉफीचा खप देशात वाढावा म्हणून, उत्पादकांच्या उपकरातून. पुढे कॉफी मंडळाने ही गृहे बंद करून कामगारांना काढावयास घेतले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवावयास घेतली. पहिली १९५७ मध्ये बंगळूरला, पाठोपाठ केरळात. तेथे वाढपीच मालक आहे आणि कॉफी आजही सामान्य माणसाच्या खिशाला परवडते. उणीव एवढीच राहिली की हा सहकार कपापाशी थांबला, मळ्यापर्यंत गेला नाही. आंध्रातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी याच्या उलट बाजूने, झाडापासून सुरुवात केली; एकत्र येऊन प्रतवारी व प्रक्रिया केली आणि परदेशी बाजारात नाव मिळवले. मळ्याकडून निघालेली आणि कपाकडून निघालेली ही दोन टोके जोडावयाची राहिली आहेत.

ती जोडण्यास मुंबई-ठाण्याइतकी योग्य जागा नाही. गिरणी कामगारांच्या नायगावात १९४८ मध्ये अपना बाजार उभा राहिला, तो व्यापाऱ्याच्या कचाट्यातून ग्राहकाला सोडवण्यासाठी. ग्राहकांच्या अशा सहकारी संस्थांनी वायनाड-कुर्गच्या छोट्या उत्पादकांच्या संस्थांशी थेट वर्षभराचा करार करावा, उत्पादनखर्चावर आधारलेला किमान भाव बांधून द्यावा, भाजणे-दळणे येथेच करावे, आणि पुडीवर शेतकऱ्याला काय मिळाले तो आकडा छापावा. सरकारकडे मागावयाचे ते वेगळे: कॉफीसारख्या पिकांना खर्चाधिष्ठित किमान भाव आणि मोडीत काढलेल्या स्थिरीकरण निधीची सुधारलेल्या नियमांनी पुनर्स्थापना. तो निधी या खेपेस उत्पादकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती असावा, अधिकाऱ्यांच्या नव्हे.

आणि करावे, दारावे, नेरूळ, बेलापूर येथल्या कार्यकर्त्यांनी सिडकोपुढे एक मागणी ठेवावी. भाडेपट्ट्याने दिलेल्या व्यापारी भूखंडांच्या अधिमूल्यातील आणि नूतनीकरण व हस्तांतरण शुल्कातील ठरावीक हिस्सा मूळ गावांच्या सामुदायिक निधीत दरवर्षी जमा व्हावा. त्याचा हिशेब ग्रामस्थांच्या सभेत वाचून दाखवला जावा. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या मूळ कुळांच्या वारसांची यादी करण्याचे काम त्यासाठी आधी लागेल. जुने सात-बारा उतारे ज्यांच्या घरी अजून पेटीत आहेत ती म्हातारी माणसे हयात आहेत तोवर ते हाती घ्यावे.

दक्षिणेत अरेबिकाची तोडणी नोव्हेंबरात सुरू होते. पुढच्या हंगामाचा भाव त्याआधीच, न्यूयॉर्क आणि लंडनच्या वायदेबाजारात, ज्यांनी कॉफीचे झाड कधी पाहिलेले नाही असे लोक ठरवीत असतील.